हालगे सरांची हरकत

प्राध्यापक मन्मथ हालगे यांनी आयुष्यात काही संशोधन केलं नाही, असं परवा एका चर्चासत्रात एक तरुण, नुकतेच पीएच.डी. झालेले डॉक्टर माझ्यादेखत म्हणाले. जेवणाच्या मांडवात, हातात गुलाबजामची वाटी धरून. त्यांचं वय पाहून मी गप्प बसणार होते. पण पुढं ते म्हणाले, "नुसता एकच प्रश्न विचारत हिंडायचे म्हणे ते सगळ्यांना," आणि त्यांनी सरांची नक्कल करून दाखवली. सरांना त्यांनी कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. नक्कलही दुसऱ्या कुणाकडून ऐकून उचललेली. मग माझा तोल गेला. मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांचा गुलाबजाम वाटीत तसाच राहिला, एवढं सांगते. घरी आले तरी डोकं शांत होईना, म्हणून हे लिहायला बसले.

हालगे सर आमच्या कॉलेजात जनसंवाद शिकवत आणि मी समाजशास्त्र. दोन्ही विभागांना मिळून एक खोली, आणि मध्ये एक गोदरेजसारखं दिसणारं पण गोदरेज नसलेलं कपाट. कपाटाच्या त्या बाजूला सर, या बाजूला मी. बीड-पाटोदा रस्त्यावरच्या खडकाळ माळावर आमचं कॉलेज आहे. ते चालवणाऱ्या मंडळींचाच साखर कारखाना, त्यांचीच पतसंस्था, त्यांचाच दूध संघ आणि त्यांचंच एक साप्ताहिक. या सगळ्याचे अध्यक्ष एकच, आबासाहेब. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचा बाप ऊस आबासाहेबांच्या कारखान्याला घालायचा, दूध आबासाहेबांच्या संघाला, पोरगं आबासाहेबांच्या कॉलेजात, आणि शनिवारी आबासाहेबांच्या साप्ताहिकात वाचायचा की आपलं एकंदरीत बरं चाललं आहे. सर म्हणायचे, "सहकार म्हंजे सगळ्यांचं मिळून एकाचं." हे ते दबक्या आवाजात म्हणत नसत. दबका आवाज त्यांना नव्हताच.

माणूस काटकुळा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर. सगळ्यांच्या हातात मोबाईल आले तरी टेपरेकॉर्डर सुटला नाही. त्याचे सेल उतरले की कॉलेजच्या कठड्यावर उन्हात मांडून ठेवायचे आणि तास संपेपर्यंत कुणाला त्या कठड्याला हात लावू द्यायचे नाहीत. वडिलांचं पाटोद्याला किराणा दुकान होतं, चावडीला लागूनच. लहानपण सगळं त्या दुकानाच्या फळीवर बसून गेलेलं. समोर चावडीच्या भिंतीवर फेरफाराच्या नोटिसा लागायच्या. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायची तर तलाठी आधी तशी नोटीस लावतो, की कुणाची हरकत असेल तर अमुक दिवसांत कळवा. गावातली माणसं त्या नोटिशीपुढं उभी राहून ती वाचायची, भांडायची, कधी कधी हाणामारीवर यायची. हे सगळं त्या पोरानं फळीवर बसून पाहिलं आणि पुढं प्राध्यापक झाल्यावर जसंच्या तसं उचललं.

"वावर इकडचं तिकडं करताना हरकत मागवत्यात," ते म्हणायचे. "मग मानसाबद्दलची म्हाईती इकडची तिकडं करताना कावून न्हाई?"

म्हणून त्यांचा नियम असा की ज्यांच्याविषयी निबंध लिहिला त्यांच्यापुढं तो आधी मोठ्यानं वाचून दाखवायचा. हरकती मागवायच्या. मान्य झाली तर निबंध बदलायचा, मान्य झाली नाही तर ती हरकत आणि फेटाळल्याचं कारण शेवटी छापायचं. गावातला पेपर कोण कसा वाचतं यावर त्यांनी पहिला निबंध लिहिला, तो एका न्हाव्याच्या दुकानात बसून वाचला. न्हावी म्हणाला, "तुमी लिवलं की मी पेपर गिऱ्हाइकासाठी ठिवतो. मी माझ्यासाठी ठिवतो. गिऱ्हाईक फुकटात वाचतंय." सरांनी निम्मा निबंध फिरवला. दुसऱ्या एकानं हरकत घेतली की माझ्या मेहुण्याचं नाव यात यायला पाहिजे. ती हरकत निबंधाच्या शेवटी छापलेली आहे: फेटाळली, कारण मेहुणा त्या दिवशी गावात नव्हता. आणखी एकाची हरकत एवढीच होती की सर लई भरभर वाचतात. ती मान्य.

या नादात त्यांची पीएच.डी. राहिली. प्रबंध लिहून तयार होता, पण गावोगाव वाचत फिरताना हरकती येत गेल्या, प्रबंध बदलत गेला, आणि मार्गदर्शक निवृत्त झाले. मी एकदा चिडून म्हणाले, "सर, कुठंतरी थांबावं लागतं." ते म्हणाले, "थांबलो असतो. पर लोक बोलायचं थांबंनात."

एरवीही तेच. चहा मागवायचा तरी कपाटापलीकडून आवाज यायचा, "मॅडम, च्या मागवतोय, हरकत?" मुलीचं लग्न ठरवताना पत्रिकेचा मजकूर त्यांनी छापखान्यात देण्याआधी सगळ्या नातेवाइकांसमोर मुलीला वाचून दाखवला आणि विचारलं, "हरकत?" मुलगी म्हणाली, "हाय." लग्न मोडलं. भावकी वर्षभर बोलत नव्हती. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला नंतर सांगितलं की त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच नवऱ्याकडं जरा नीट पाहिलं.

आता मूळ दुखण्याकडं येते.

दुष्काळ पडला की आमच्याकडं दोन गोष्टी हमखास येतात, टँकर आणि संशोधक. टँकर निदान पाणी ठेवून जातो. पुण्याचे, मुंबईचे, दिल्लीचे, एकदा तर साता समुद्रापलीकडचे, माध्यमं आणि संस्कृतीचा अभ्यास करणारे लोक यायचे आणि कुणीतरी त्यांना हालगे सरांचं नाव दिलेलं असायचं. सर त्यांना बीडच्या स्टँडवर आणायला जायचे. स्वतःच्या स्कूटरवर मागं बसवून गावोगाव हिंडवायचे. घरात रांजणभर पाण्यावर चार माणसं दिवस काढत असताना काकू पाहुण्यांसाठी आंघोळीची बादली वेगळी काढून ठेवायच्या. दुभाषाचं काम सर करायचे, माणसं सर गाठून द्यायचे, टेपा सर उतरवून द्यायचे. मोबदला म्हणून एकच अट. छापायच्या आधी परत यायचं आणि ज्यांचं आहे त्यांना वाचून दाखवायचं.

सगळे हो म्हणायचे. एक तर निघताना रडला होता, काकूंच्या पाया पडून. एकही परत आला नाही.

मला याचा जो संताप यायचा तो सरांना येत नसे, आणि त्याचा मला आणखी संताप यायचा. गावातले लोक विचारायचे, "सर, ते दाढीवाले कवा येणार हायत?" आणि सर सांगायचे, "येतील." मग कधीतरी टपालानं पुस्तक यायचं. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात "कृतज्ञतापूर्वक" लिहिलेलं. आत आमच्या ओळखीच्या माणसांची वाक्यं, आणि त्या वाक्यांना आम्हाला न ओळखू येणारे अर्थ. एकमेकांची पुस्तकं ते वाचत, एकमेकांचे दाखले देत, एकमेकांवर टीका करत, आणि या सगळ्याला विद्वानांची देवाणघेवाण म्हणत. घेवाण आमच्याकडून आणि देवाण आपापसांत.

सर तरीही चर्चासत्रांना जायचे. स्वखर्चानं, एसटीनं, मागच्या रांगेत बसायला. निबंध वाचून झाला की हात वर. "ह्ये त्येंना वाचून दाखवलं का?" बस, एवढाच प्रश्न. सभागृहात आधीच खसखस पिकायची. वाचणारा हसून म्हणायचा, "फार मूलभूत प्रश्न आहे, सर," आणि अध्यक्ष म्हणायचे, "वेळेअभावी आपण पुढं जाऊ." चहाच्या वेळी पोरंसोरं त्यांची नक्कल करायची. तीच नक्कल परवापर्यंत चालत आली.

एका वर्षी सिंदफणा नदीवरच्या धरणात तळाचा गाळ दिसत होता आणि आमच्या कारखान्याच्या मोकळ्या जागेत चारा छावणी उघडली होती. गावंच्या गावं जनावरं घेऊन तिथं राहायला आली होती. त्याच वर्षी विद्यापीठाची समिती आमच्या कॉलेजात येणार होती. जनसंवाद विभागातून काही छापून आलेलं संशोधन दाखवता आलं नाही तर विभाग बंद होणार, हे प्राचार्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं होतं. विभाग म्हणजे सर, कपाटाची एक बाजू आणि दरवर्षीची वीस-पंचवीस पोरं. त्यातली निम्मी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. बातमी कशी लिहायची, फोटो कसा बघायचा, हे त्यांना शिकवणारं जवळपास दुसरं कुणी नव्हतं. सर त्यांना संस्थेच्याच साप्ताहिकातले फोटो कापून आणायला सांगायचे. छावणीत चारा वाटतानाचे, टँकरची पूजा करतानाचे. मग विचारायचे, "यात आबासाहेबांचं तोंड दिसतंय. बाईचं तोंड कुठं हाय?" पोरं शोधायची. प्रत्येक फोटोत बाई पाठमोरी. त्या पोरांसाठी विभाग टिकायला हवा होता, आणि हे सरांनाही माझ्याइतकंच कळत होतं.

अशात डॉ. रेवती चांदोरकर आल्या. पुण्याच्या, मोठं नाव, लोकसंस्कृती आणि माध्यमं हा विषय. खरं सांगते, मला त्या आवडल्या. छावणीत बाजेवर झोपल्या, बायकांबरोबर शेण उचललं. केसरबाई नावाच्या बाईच्या खोपटापाशी त्यांनी एका संध्याकाळी एक गाणं टिपून घेतलं.

आला गं टँकर आला, छावणीत टँकर आला,
आबांनी माझ्या बाई इंदर खाली केला.

केसरबाई गात होती आणि चार बायका मागं म्हणत होत्या. रेवतीबाईंनी त्यावर इंग्रजीत मोठा निबंध लिहिला, आणि दिलदारपणे सहलेखक म्हणून हालगे सरांचं नाव घातलं. परदेशातल्या पुस्तकात तो घेतला गेला. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. समितीला दाखवायला पाहिजे तसं आणि पाहिजे त्या वेळी मिळालं होतं.

छापण्याआधीचा मजकूर सरांच्या हातात आला तो हिवाळ्यात. सरांनी रेवतीबाईंना फोन केला, या, वाचून दाखवू. त्या म्हणाल्या, आत्ता अजिबात वेळ नाही. सर म्हणाले, मग मी वाचतो. बायका तोवर छावणीतून उठून तोडीला गेल्या होत्या, माजलगावच्या बाजूला, पाण्याकडेला जो काही ऊस उरला होता तिथं. सर स्कूटरवर तिथं गेले. इंग्रजी निबंधाचं बसल्या बसल्या मराठी करत फडाच्या कडेला वाचू लागले. निबंधात लिहिलं होतं की हे गाणं दुष्काळामागून दुष्काळ पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे, त्यातले आबा म्हणजे कुळाचे पूर्वज, आणि इंद्राला खाली आणणं म्हणजे बायकांनी सत्तेविरुद्ध पुकारलेलं बंड. एवढं वाचून होतंय तोवर बायका हसायला लागल्या.

"सर, ह्ये तर पोकळे सरांचं गानं हाय," केसरबाई म्हणाली. "मंत्री येनार व्हते तवा आमच्याकडून पाठ करून घेतलं. आबा म्हंजी आबासायेब."

पुढं वाचायला मुकादमानं वेळ दिला नाही. गाडी भरायची होती. वाचन अर्ध्यावर राहिलं.

पोकळे सर म्हणजे आमच्याच कॉलेजचे मराठीचे विभागप्रमुख आणि संस्थेच्या साप्ताहिकाचे संपादक. मंत्र्यांच्या स्वागताच्या दिवशी हालगे सर परीक्षेच्या कामावर दुसऱ्या गावी होते, म्हणून त्यांना हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोकळ्यांना व्हरांड्यातच गाठलं. मी कपाटाच्या या बाजूला होते, खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"गानं तुमचं हाय?"

"हळू बोला," पोकळे म्हणाले. "माझंच. पण आता ते लोकांचं झालं. परदेशात चाललंय. तुमी कावून मोडता घालताय?"

"तुमचं हाय तर तुमचं नाव पायजे."

"माझं नाव आलं की मग ते लोकगीत राहतंय का, सर? आन् आबासायेब काय म्हणतील?"

रेवतीबाईंनाही फोन झाला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की लोकगीताचा कर्ता कुणीतरी एक असतोच, त्यानं फारसा फरक पडत नाही, आणि आता शेवटच्या टप्प्यावर निबंधाचा गाभा हलवता येणार नाही. कॉलेजच्या चर्चासत्राला येतेच आहे, तेव्हा बोलू, असंही म्हणाल्या. प्राचार्य म्हणाले, समिती येऊन जाऊ द्या, मग काय ती हरकत घ्या. काकूसुद्धा म्हणाल्या, "एकदा तरी गप ऱ्हावा." ते काय करणार हे मला माहीत होतं.

चर्चासत्र झालं ते ऐन टंचाईत. व्यासपीठावर प्रत्येकापुढं सीलबंद पाण्याची बाटली आणि फाटकाबाहेर कॉलेजच्या टँकरपाशी घागरींची रांग. उद्घाटक आबासाहेब. शाली झाल्या, नारळ झाले, स्वागतगीत झालं, तेही पोकळे सरांचं. मग रेवतीबाईंनी निबंध वाचला आणि ध्वनिमुद्रण ऐकवलं. सभागृहात केसरबाईचा आवाज भरला. आबासाहेब डोळे मिटून ऐकत होते. आपण पूर्वज झालो आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता. पोकळे पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. स्वतःच्या वर्षभरही जुन्या नसलेल्या गाण्याला पिढ्यान् पिढ्यांचं म्हटलेलं त्यांनी ऐकलं आणि टाळ्याही वाजवल्या.

हालगे सर उठले. "माझी हरकत हाय."

सत्राचे अध्यक्ष हसले. "सर, आपण तर सहलेखक आहात."

"म्हनूनच. ह्ये गानं गेल्या उन्हाळ्यात मंत्र्याच्या स्वागताला लिवलेलं हाय. लिवणारे हितंच बसलेत. बंडबिंड काय न्हाई. स्वागतगीत हाय. ज्येंनी म्हनलं त्येंना विचारलं असतं तर त्येंनी सांगितलं असतं. मला सांगितलं."

सगळे पोकळ्यांकडं बघू लागले. पोकळे चष्मा पुसत होते, बराच वेळ पुसत होते. रेवतीबाई काहीतरी बोलणार होत्या, पण अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "अत्यंत रोचक मुद्दा आहे. परंतु वेळेअभावी आपण भोजनासाठी..."

तेव्हा मी उठले. मी म्हणाले की जेवण थांबेल, भात निवला तर निवू द्या, आधी या माणसाला उत्तर द्या. कुणी उत्तर दिलं नाही. खुर्च्या सरकल्या आणि विद्वान जेवायला गेले. मला दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा मेमो आला, तो मी अजून जपून ठेवलाय.

मला आजही राग येतो तो याचाच. ते सरांशी भांडले असते, खोडून काढलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तरी सर खुश झाले असते. त्यांना तेच तर हवं होतं. हयात ज्यांनी वादविवाद, संवाद, छेद, प्रतिवाद यांवर पुस्तकं लिहिण्यात घालवली, त्या माणसांनी एका खऱ्या हरकतीपुढं पंगत धरली. जेवताना कुणीतरी म्हणालं म्हणे, बिचाऱ्यांना पीएच.डी. न झाल्याची खंत आहे.

पुढचं थोडक्यात. रेवतीबाईंनी अतिशय सभ्य भाषेत कळवलं की आपल्या भूमिकेचा आदर म्हणून सहलेखक म्हणून आपलं नाव काढत आहे. निबंध मात्र तसाच राहिला, पूर्वजांसकट आणि बंडासकट. समिती आली, छापील संशोधन मागितलं, सरांनी हरकतींसह लिहिलेले त्यांचे निबंध पुढं ठेवले. ते मान्यताप्राप्त नियतकालिकातले नाहीत, असा शेरा मारून समिती गेली. विभाग बंद झाला. पोरं इतिहासाला, राज्यशास्त्राला वाटून दिली. सरांना पर्यावरण नावाचा सक्तीचा विषय शिकवायला दिला, त्या पाणी नसलेल्या कॉलेजात. मी त्यांनाही बोलले. म्हणाले, "सर, एक महिना गप्प बसला असता तर पोरांचा विभाग राहिला असता." ते म्हणाले, "पोरांना काय शिकवलं असतं मग?" मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आणि अर्धं अजूनही पटलेलं नाही.

पुस्तक आलं गुढीपाडव्यानंतर. बायका तोडीवरून परतल्या होत्या. सर मला म्हणाले, "मॅडम, वाचन अर्ध्यावर ऱ्हायलंय. येता का?" नाव काढलेल्या निबंधाचं वाचन. मी चिडूनच त्यांच्या स्कूटरवर बसले.

केसरबाईची वस्ती पाटोद्याच्या रस्त्याला. उन्हं उतरल्यावर बायका लिंबाखाली जमल्या. सरांनी सुरुवातीपासून वाचलं, सावकाश, एक एक वाक्य मराठीत करत. बायका या वेळीही पूर्वजांपाशी हसल्या. बंडापाशी हसल्या. सरही हसले. मग म्हणाले, "म्हंजे ह्ये सगळं चूक हाय. गानं शिकवलेलं. त्यात तुमचं काय न्हाई. मी तसं भर सभेत सांगितलं."

केसरबाई हसायची थांबली. "तसं सांगितलं का तुमी?"

"हां."

"मग तुमीबी चुकलाव, सर."

सरांनी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं.

"गानं पोकळे सरांचं, खरं हाय," ती म्हणाली. "मंत्री आले तवा म्हनलं, आन् सोडून दिलं. पर त्या बाई आल्या त्या दिशी माझी तांबडी गाय गेलती. सकाळीच. छावनीत उचलायला मानूस मिळंना. मी तिच्यापाशी बसले, तर तोंडात दुसरं काय यीनाच. ह्येच आलं. रोज म्हनून म्हनून ह्येच बसलं व्हतं तोंडात. मग मी ह्येच म्हनलं. ह्या बाया बी म्हनल्या. ते काय मंत्र्यासाठी न्हवतं. आमी रडत व्हतो. त्या बाईला रडनं ऐकू आलं, अर्थ न्हाई कळला. तुमाला अर्थ कळला, रडनं ऐकू आलं न्हाई."

मी सरांकडं पाहायचं टाळलं. एवढं सगळं गमावून, एवढी भांडणं घेऊन जी हरकत त्यांनी भर सभेत उभी केली होती, तिच्यावरच ही हरकत आली होती. मला वाटलं, माणूस खचेल. पण सरांनी पिशवीतून पेन काढलं. त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की मला त्यांचा रागच आला. "मंजूर," ते म्हणाले. "दोघा लेखकांच्या इरोधात. मॅडम, तुमीबी ऐकलंत ना? मी म्हनलं, त्यात त्येंचं काय न्हाई. साफ खोटं बोललो मी."

त्यांनी तिथूनच रेवतीबाईंना फोन लावला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवून. घाईघाईनं सगळं सांगितलं. गाय, सकाळ, तोंडात बसलेलं गाणं. म्हणाले, "बाई, तुमी निम्म्या बरोबर व्हता. मी तुमाला साफ चूक म्हनलं, ते मागं घेतो. तुमी या. आता ह्येच खरं लिवू."

पलीकडून रेवतीबाईंचा आवाज आला, खरोखर हलून गेलेला. "किती विलक्षण आहे हे, सर. खरंच. पण आता पुस्तक छापून झालंय ना." मागं कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. "आपण नंतर बोलू या," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

बायका सरांच्या तोंडाकडं बघत होत्या. आयुष्यभर "येतील" म्हणणारा माणूस, पण या वेळी तेही म्हणाला नाही.

केसरबाईनं पदर खोचला. "छापलं म्हंजी झालं व्हय?" ती म्हणाली. "मी हाय की अजून."

माझी शेवटची एसटी होती, म्हणून मी उठले. त्यानंतर सरांची आणि माझी भेट झाली नाही. दुसऱ्याच दिवसापासून उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या आणि सुट्या संपायच्या आत ते गेले. मी फाट्याकडं निघाले तेव्हा ते लिंबाखाली मांडी घालून बसले होते, पुस्तकाचं पहिलं पान उघडून, आणि बायकांना सांगत होते, "बसा. परत पयल्यापासून वाचतो."